आडसालीतली बाळंतीण

गेल्या जानेवारीत आमच्या शेजारच्या रानात तोड चालू होती. शिराळ्याकडून वारणेच्या अंगाला खाली उतरलं की उसाचा जो सलग पट्टा लागतो, त्यातलंच हे दोन एकर. आडसाली लागण, सतरा महिन्यांची, माणूस आत शिरला तर चार पावलांवर दिसेनासा व्हावा इतकी दाट. टोळी बीडकडची होती. दुपार कलली तेव्हा जेमतेम पाच-सहा गुंठे ऊस उभा राहिला होता आणि तिथं कोयते थांबले. सरीत, वाळल्या पाचटाच्या खोबणीत बिबट्याची दोन पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेले आणि राखी-निळे, अंगावरचे ठिपके अजून एकमेकांत मिसळलेले. त्यातलं एक मान हलवत दुसऱ्याच्या पोटाखाली तोंड खुपसत होतं. टोळी मागं सरली, मुकादमानं वनखात्याला फोन लावला. पलीकडं बांधावर त्याच टोळीतली तीन लेकरं निजली होती, एक साडीच्या झोळीत आणि दोन खाली, पाचटावरच. झोळीतल्या पोराच्या आईनं आधी आपलं पोर उचलून कडेवर घेतलं, मग उभ्या उसाकडं बघत म्हणाली, “तिलाबी बाळंतपणाला जागा लागतीच की, दादा.”

दुसऱ्या दिवशी बातमी आली: पिल्लं सापडल्यानं परिसरात घबराट. संध्याकाळपर्यंत गावातल्या मोबाइलवर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बिबटे माणसांत घुसलेत, सरकारनं गोळ्या घालाव्यात, नाहीतर आम्हाला परवानगी द्यावी. दुसऱ्या तटाचं, त्यात पुण्या-मुंबईला असलेली आमची पोरं जास्त, की जंगल त्यांचं आहे, आपणच त्यांच्या घरात घुसलो, आता भोगा. चार दिवस हे चाललं. कराडपासून शिराळ्यापर्यंत दर हंगामात हाच वाद याच शब्दांत होतो आणि दर हंगामात तो जिथं सुरू झाला तिथंच विझतो.

मला वाटतं, दोन्ही तट एकच चूक करताहेत. निसर्गाबद्दल आपल्याला प्रेम कमी पडतं किंवा भीती जास्त वाटते, हा खरा प्रश्न नाही. आपण त्याच्याविषयी बोलतो आणि लिहितो ते तयार शब्दांत, आणि हे शब्द बघण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतात. घुसखोर, माय, देव, स्वर्ग, कोप. असा एक शब्द बसवला की पुढं काही विचारायचं उरत नाही. त्या बाईच्या वाक्यात मात्र ते जनावर तिथं काय करत होतं आणि का करत होतं, दोन्ही होतं. चार दिवसांच्या वादात ते वाक्य कुणी उच्चारलं नाही.

घुसखोरीचंच बघू. बिबट्या आमच्यात घुसला म्हणायचं तर तो कुठून तरी यायला हवा. ती पिल्लं कुठून आली नव्हती. ती उसात जन्मली होती आणि त्यांची आईही बहुधा उसातच जन्मली असावी. तिला जंगल म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नाही. मग ‘आपण त्यांच्या जंगलात घुसलो’ हे तरी खरं आहे का? कृष्णा-वारणेच्या काठची ही काळी रानं माझ्या आज्याच्या आज्यापासून कसली जाताहेत. इथं शाळू होता, भुईमूग होता, हळद आणि तंबाखू होती. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेला कृष्णा कालवा इंग्रजांच्या काळातला. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले, कोयनेचं आणि वारणेचं पाणी अडलं, उपसा योजनांच्या पाइपलाइनी गावोगाव फिरल्या आणि दोन पिढ्यांत शाळवाचं रान उसाचं झालं. शाळू चार-पाच महिन्यांत निघतो. आडसाली ऊस दीड वर्ष हलत नाही. सावली, ओलावा, आडोसा, रानडुक्कर, उंदीर, कडेला वस्तीवरची कुत्री. बिबट्याच्या मादीला बाळंतपणासाठी जे लागतं ते सगळं आपण लावलं, खत घातलं आणि पाणी पाजून वाढवलं. म्हणजे इथं कुणीच कुणाच्या घरात घुसलेलं नाही. आपण एक नवं घर बांधलं आणि त्यात दोघं राहायला आलो.

वरच्या अंगाला गोष्ट वेगळी आहे, हे मान्य. चांदोलीच्या बाजूला जंगल होतं आणि आहे. पण तिथं तर उलटच घडलं. धरण झालं, १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० साली कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्या डोंगरातली गावं उठून खाली सपाटीवरच्या वसाहतींत आली. आपली जमीन, आपली देवळं आणि आपल्या वाडवडलांच्या जागा सोडून आलेल्या माणसाला ‘तू त्यांच्या घरात घुसलास’ असं कुणी कोणत्या तोंडानं सांगायचं? माणूस नावाचा एकच घोळका करून त्याच्यावर अपराध ठेवला की चांदोलीतून उठलेला धनगर आणि धरणाच्या पाण्यावर शंभर एकर ऊस पिकवणारा बागाईतदार एका रांगेत उभे राहतात. तो न्याय माणसावरही होत नाही आणि जनावरावरही नाही.

शब्दांनी एवढं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बिघडतं, आणि त्याची किंमत लोकांनी जिवानं मोजली आहे. बिबट्या घुसखोर आहे हे एकदा मानलं की उपाय आपोआप ठरतो: धरा आणि त्याच्या ‘घरी’ नेऊन सोडा. जुन्नर भागात २००१ पासून हेच मोठ्या प्रमाणावर झालं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते या मोहिमेनंतर १७ वर गेले. मोकळ्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो आणि अनोळखी मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर तिथल्या माणसांच्या वाट्याला जातं. याच अभ्यासकांनी पुढं नगरकडच्या अकोले खोऱ्यात उसातल्या बिबट्यांची पाहणी केली. त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. ज्या बिबट्याला आपण माणसाच्या मागावर असलेला म्हणून रंगवतो, तो बहुतेक रात्री आपल्या उकिरड्यावर पोसलेल्या कुत्र्याच्या मागावर असतो. हे कळलं असतं तर पिंजऱ्याच्या आधी आपण उकिरड्याकडं बघितलं असतं.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यांत जड मुद्दा. हे सगळं लिहायला सोपं आहे. ज्याला रात्री दोन वाजता पाणी पाजायला जायचं आहे त्याला जाऊन सांगा. हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. शेतीची वीज आठवड्यातले कितीतरी दिवस रात्री येते. हातात बॅटरी, पायात चिखल, एका बाजूला विहीर आणि दुसऱ्या बाजूला काळाकुट्ट ऊस. मी गेलोय. त्या वेळी पाचट वाजलं की छातीत काय होतं ते ‘बिबट्या आपला शेजारी’ असं लिहिणाऱ्याला कळायचं नाही. ज्या घरातलं मूल बिबट्यानं नेलं त्या घरापुढं उभं राहून सहजीवनावर बोलणं हा निर्दयपणा आहे. भीती खोटी आहे, अज्ञानातून आली आहे, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण भीती खरी आहे, म्हणूनच ती नेमकी सांगायला नको का? ‘धुमाकूळ’ या शब्दातून रात्री पाणी पाजणाऱ्याला काय मिळतं? हल्ला किती वाजता झाला, मूल एकटं होतं का, माणूस उभा होता की बसलेला, घराला दार होतं का, संडास किती लांब होता, हे बातमीत नसतं. ते असतं तर दर हंगामाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली असती: उघड्यावर सापडतात ती ऊसतोड कामगारांची आणि मेंढपाळांची लेकरं. त्यांच्या कोप्यांना, म्हणजे झोपड्यांना, दार नसतं. आया पहाटे अंधारात कोयता घेऊन जातात, मुलं बांधावर निजतात. परसाकडं जायचं ते त्याच उसाच्या कडेला. इथला बागाईतदार घाबरलेला असतो, पण त्याच्या घराला दार आणि कडी असते. घबराट आमची छापली जाते आणि धोका मात्र ती माणसं पत्करतात. शेतीला दिवसा वीज द्या, टोळीच्या तळावर बंदिस्त निवारा आणि संडास द्या, मुलांसाठी तोडीच्या काळात पाळणाघर चालवा, या मागण्या ‘बिबट्या हटाव’ या दोन शब्दांखाली गाडल्या जातात. बिबट्याला पिंजऱ्यात घातलेलं दिसलं की गाव निवांत होतं आणि झोळी पुन्हा त्याच बांधावर बांधली जाते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं वाघ, बिबटे, लांडगे आणि सापसुद्धा मारून आणणाऱ्याला इनाम लावलं होतं. दरवर्षी किती जनावरं मारली आणि किती माणसं मेली याचे तक्ते छापले जात. जनावर उपद्रवी की निरुपद्रवी, एवढाच रकाना. माळरानातला लांडगा या इनामांनी किती उणा झाला ते आज माण-खटावचा माळ तुडवताना कळतं. ते सरकार गेलं, इनाम गेलं, पण तो रकाना आपल्या बातम्यांत शाबूत आहे. सागरेश्वरचं बघा. कडेगाव-पलूसच्या बाजूचे हे डोंगर बोडके होते. धों. म. मोहिते यांच्यासारख्या माणसानं ध्यास घेतला, झाडं लावली, चितळ आणि सांबरं आणून सोडली. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य माणसाच्या हातानं उभं राहिलं. आता तिथली हरणं बाहेर येऊन पिकं खातात आणि बातमी येते हरणांच्या उपद्रवाची. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, भरपाई त्याला वेळेवर मिळालीच पाहिजे. पण आपण ज्यांना आणून वसवलं, ज्यांच्यासाठी एवढंसं रान राखलं, त्यांची संख्या त्या रानात मावत नाही हा कारभाराचा प्रश्न आहे. तो हरणाच्या स्वभावावर कसा ढकलता येईल?

दुसरा आक्षेप भक्तीच्या बाजूनं येतो आणि तोही हलका नाही. हिशेब आणि नेमकेपणानं झाडं वाचली नाहीत, देवानं वाचवली, असं जुनी माणसं म्हणतात. जावळी-पाटणच्या डोंगरात ज्या देवराया उरल्या त्या धाकानं आणि श्रद्धेनं उरल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या देवरायांची नोंद करायला घेतली तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. हे मी नाकारत नाही. पण देवरायांबरोबर जे चालत आलं ते नुसतं नमस्कार करणं नव्हतं. कुठलं झाड तोडायचं नाही, पडलेलं लाकूड कुणी न्यायचं, मध कधी काढायचा, औषधी साल कुणी सोलायची, याचा बारीक रिवाज होता. तो रिवाज विसरला आणि देव तेवढा उरला की काय होतं, तेही आपण बघतोय: देवाला मोठं देऊळ हवं म्हणून राईतलीच झाडं पडतात, पायाखाली काँक्रीट येतं, आणि भक्ती मात्र पूर्वीपेक्षा दणक्यात चालू असते.

बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचा वाद आमच्या घराजवळचा, म्हणून त्यावर बोलताना मला जड जातं. एक बाजू परंपरा म्हणते, दुसरी १९७२ चा वन्यजीव कायदा दाखवते. न्यायालयानं जिवंत नागांच्या मिरवणुका थांबवल्या आणि २०२५ मध्ये केंद्रानं शैक्षणिक कारणासाठी २१ नाग धरायला परवानगी दिली. कायद्यानं थांबवलं ते योग्यच होतं असं माझं मत आहे. दिवसेंदिवस मडक्यात ठेवलेला, हजारोंच्या गर्दीत फडा काढायला लावलेला नाग हाल सोसतो. तो दूध पीत नाही. तो उंदीर आणि बेडूक खातो. पण बंदी घालताना जे गमावलं त्याची नोंद कुणी ठेवली नाही. शिराळ्याच्या जुन्या माणसांना बिळाच्या तोंडावरची माती बघून आत नाग आहे की धामण ते सांगता येई. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांना ओळखणारी नजर ज्या गावात घरोघर होती, ते ज्ञान परंपरेच्या बाजूनं कधी मांडलं नाही आणि कायद्याच्या बाजूनं कधी मागितलं नाही. ज्या देशात सर्पदंशानं वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे, तिथं त्या नजरेची किंमत किती?

तुकोबांनी झाडांना सोयरे म्हटलं. ती ओळ प्रत्येक वृक्षारोपणाच्या फलकावर असते, पण सोयरा म्हणजे काय हे आपल्याला घरच्या लग्नातून ठाऊक आहे. सोयऱ्याशी देणंघेणं असतं, मानपान असतो, रुसवा असतो, जमिनीवरून भांडणसुद्धा होतं. तरी नातं तुटत नाही, कारण लेक दिलेली असते. सोयऱ्याची कुणी आरती करत नाही आणि त्याला घुसखोरही म्हणत नाही. त्याच्या घरी किती माणसं, त्याचं पोट कशावर, यंदा त्याच्याकडं काय पिकलं हे आपल्याला माहीत असावं लागतं. सोयरं म्हणायचं तर ही माहिती ठेवण्याचं कामही त्यात आलं.

असं लिहिण्याची रीत आपल्याकडं नव्हती असं मात्र नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं आणावं ते सांगितलं आहे. आंबा, फणस यांचंही लाकूड आरमाराच्या कामाचं, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही, असा त्याचा आशय आहे. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. या मजकुरात झाड आहे, त्याला वाढायला लागणारी वर्षं आहेत, त्याचा धनी आहे, राज्याची गरज आहे आणि मोबदलाही आहे. झाडाला माता म्हटलेलं नाही. तरी तीनशे वर्षांनंतर वाचताना गळा दाटतो.

याच्याशेजारी २०१९ च्या पुराच्या बातम्या ठेवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही लिहिलं, कृष्णामाई कोपली. कोपली असेल तर नारळ आणि खणानं शांत होईल. पण पाऊस किती पडला, धरणांतून पाणी कधी आणि किती सोडलं, नदीकाठच्या मळीच्या रानात आणि शामरावनगरसारख्या सखल भागात भराव टाकून घरं कुणाच्या सहीनं उभी राहिली, ब्रह्मनाळच्या, पुरात उलटलेल्या नावेत तेवढी माणसं चढवण्याची वेळ का आली, हे प्रश्न कोपाला विचारता येत नाहीत. नदीला माय म्हणण्यात वाईट काही नाही, मीही म्हणतो. मात्र तिच्यावर राग ढकलून बाकीच्यांना सोडवणं तिच्या लेकरांना शोभत नाही.

शेवटचा आक्षेप लिहिणाऱ्यांचा. असा हिशेब घालत बसलं तर निसर्गावरचं लिखाण तलाठ्याच्या दप्तरासारखं होईल, त्यातला जीव जाईल. कासच्या पठारावर उभं राहून मी याचा खूप विचार केला आहे. २०१२ पासून जागतिक वारशात असलेलं हे पठार दर भाद्रपदात ‘फुलांचा गालिचा’ आणि ‘स्वर्ग’ या दोन शब्दांत छापून येतं. गालिचा म्हटलं की तो पसरलेला हवा आणि त्यावर गुरं नकोत. पठाराला कुंपण पडलं, कास, एकीव, आटाळी, कासाणीची गुरं थांबली. काही वर्षांनी गावकरीच म्हणू लागले की गवत माजतंय आणि बुटकी फुलं त्याखाली दबताहेत, आणि कुंपण काढण्यापर्यंत गोष्ट आली. गुराखी त्या चित्रात पहिल्यापासून होता, स्वर्ग लिहिणाऱ्यांना तो दिसला नव्हता. कवला ही पावसाळी रानभाजी. तिच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात म्हणून पर्यटक तिला आता मिकी माउस म्हणतात. ज्या झाडाचा पाला आजीच्या तव्यावर पडत होता ते नातवंडांसाठी फोटोतलं बाहुलं झालं.

आणि जीव जाण्याचं म्हणाल तर सीतेच्या आसवांपाशी गुडघे टेकून बसा. बोटाच्या पेराएवढं निळं-जांभळं फूल, कातळावरच्या इंचभर ओल्या मातीत उभं. त्या मातीत नत्र जवळजवळ नाही. म्हणून हे झाड जमिनीखाली बारीक फुगे धरतं, चिखलातला सूक्ष्म जीव त्याला शिवला की फुग्याचं दार आत उघडतं आणि तो आत ओढला जातो. आसवं म्हणणाऱ्या बाईनं त्या फुलाचा रंग आणि त्याचं ओलं रान बरोबर ओळखलं होतं. खालचा फुगा कळल्यावर ते नाव मला कमी सुंदर वाटलं नाही. उलट इतक्या नापीक दगडावर ते कशाच्या जोरावर उभं आहे हे कळलं, आणि माझा बूट कुठं पडतोय ते मी बघायला लागलो.

म्हणून आमच्या फडाची बातमी मी पुन्हा लिहितो, जशी ती यायला हवी होती. जानेवारीत, वारणाकाठी, सतरा महिन्यांच्या आडसालीत बिबट्याच्या मादीची दोन पिल्लं तोडीच्या वेळी सापडली. टोळीत चौदा माणसं आणि पाच लहान मुलं होती. त्यांच्या कोप्या फडापासून दोनशे पावलांवर आहेत, एकीलाही दार नाही, जवळ संडास नाही. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. वनखात्याच्या माणसांनी उरलेली तोड थांबवली, पिल्लं होती त्याच जागी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना लांब नेलं. त्या रात्री टोळीतल्या बायकांनी मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मधोमध घेऊन जाग काढली. पहाटे सव्वातीनला मादी आली, क्रेट पंजानं आडवा केला, एक पिल्लू मानेला धरून नेलं आणि वीस मिनिटांनी दुसऱ्यासाठी परत आली. ती ओढ्याच्या पलीकडं गेली. तिथं आमची स्वतःची आडसाली उभी आहे आणि तिची तोड फेब्रुवारीत आहे.